पुरुषांचं आरोग्य, लेखांक ७ : खाज कातडीला, कारण साखरेत

वाशीच्या एपीएमसी बाजारात ओझी उचलणारा असो, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात पाळी करणारा असो, की ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये बसणारा. लघवीच्या जागी खाज सुटली की पुरुष डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलवर जातो. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत बाजूला उभा राहतो आणि मग हळूच म्हणतो, “जांघेत खाजतंय, एखादी ट्यूब द्या.” खरी जागा तो तिथेही सांगत नाही. दुकानदार विचारत नाही. ट्यूब खिशात जाते, दोन दिवसांत आराम पडतो आणि महिन्याभरात तेच दुखणं जास्त जोराने परत येतं.

या दुखण्याला बॅलनायटिस म्हणतात. शिश्नाच्या टोकाला, म्हणजे शिश्नमुंडाला सूज येते. पुढची कातडीही बहुधा त्यात सापडते. लाली, बारीक पुळ्या, कातडीखाली साचणारा पांढरट थर, वास, कातडीच्या कडेला पडणाऱ्या चिरा आणि लघवीची धार लागली की होणारी आग ही त्याची लक्षणं. ती दिसली की पहिला विचार येतो, ‘कुठून तरी लागलं’. घरात कळलं तर बायकोच्या मनातही तोच संशय येतो. पण यामागे पुष्कळदा कॅन्डिडा नावाची बुरशी असते, आणि ती आपल्या अंगावर, आतड्यात एरवीही नांदत असते. दमट, बंद जागा आणि खायला साखर मिळाली की ती माजते. बाहेरचा संबंध कधीही न आलेल्या माणसालाही हे होतं. लैंगिक संबंधांतून लागणारे आजारही असे दिसू शकतात, हे खरं. पण तो निवाडा तपासणीने व्हावा, संशयाने नव्हे.

साखर हा शब्द मी मुद्दाम वापरला. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते. लघवीचे थेंब कातडीखाली राहतात आणि बुरशीची सोय होते. कितीतरी पुरुषांचा मधुमेह पहिल्यांदा उघडकीला येतो तो असा. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीने २०२३ साली मांडला, आणि त्यांतल्या अनेकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. म्हणून चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाला हा त्रास झाला, विशेषतः दुसऱ्यांदा झाला, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासल्याशिवाय राहू नये. एचबीए१सी साडेसहा किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टर मधुमेहाच्या दिशेने विचार करतात.

मधुमेह आधीच माहीत असलेल्यांनी आपली गोळीही पाहावी. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाहीत, ती लघवीवाटे बाहेर टाकतात. पहिल्याचं पेटंट २०२०च्या ऑक्टोबरात, दुसऱ्याचं २०२५च्या मार्चमध्ये संपलं; किमती उतरल्या आणि ही औषधं घरोघरी पोचली. हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी ती खरोखर गुणाची आहेत, म्हणून मनाने बंद करू नयेत. पण ती घेणाऱ्यांत बुरशीचा हा त्रास वाढतो, हे चिठ्ठी लिहितानाच सांगितलं गेलं पाहिजे. ओपीडीच्या गर्दीत ते बहुतेकदा राहून जातं. आपणच विचारावं.

आता त्या ट्यूबकडे वळू. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. एकाच मलमात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जबर स्टिरॉइड कालवलेलं असतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. त्याच आडोशाने बुरशी पसरते आणि आधीच नाजूक असलेली तिथली कातडी आणखी पातळ होते. अशी १४ स्टिरॉइड मलमं २०१८ साली केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. देशातले त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलताहेत. विक्री मात्र थांबलेली नाही, आणि याची मला मनापासून चीड येते, कारण किंमत मोजतो तो लाजून गप्प राहिलेला माणूस.

दुसरी चूक स्वच्छतेच्या नावाखाली होते. घाण आहे म्हणून हे झालं असं वाटून माणूस दिवसातून चारदा साबण लावतो, डेटॉल ओततो, कुणी लिंबू चोळतो. न धुणं जसं वाईट, तसंच हे रगडणंही वाईट. वारंवार बॅलनायटिस होणाऱ्या बऱ्याच जणांत जंतू सापडतच नाही; साबणानेच कातडी जळलेली असते, आणि साबण सोडला, साधं मॉइश्चरायझर लावलं की ती शांत होते.

धुवायचं कसं? दिवसातून एकदा, आंघोळीच्या वेळी, पुढची कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्यावी, कोमट साध्या पाण्याने धुवावं, मऊ फडक्याने टिपून कोरडं करावं आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. हे शेवटचं विसरू नये. मागे राहिलेली कातडी आवळली जाऊन टोक सुजलं आणि ती पुढे येईना, तर तडक कॅज्युअल्टी गाठावी. लघवीनंतर कातडी मागे घेऊन थेंब टिपून घ्यावेत. लहान मुलांची कातडी मात्र ओढून मागे घेऊ नये. ती वयाप्रमाणे आपोआप सुटते. पावसाळ्यात लोकलमधून भिजून आल्यावर ओली चड्डी तशीच अंगावर वाळवू नये, आणि ती सुती असावी.

बुरशीच असेल तर डॉक्टर बहुधा क्लोट्रिमाझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे लावायला देतात. कधी फ्लुकोनाझोलची एक गोळीही. तिसऱ्या दिवशी खाज थांबली म्हणून मलम थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बरं होईपर्यंत संबंध टाळावा. मलमाच्या तेलकटपणाने कंडोमही कमजोर होतो. पत्नीला खाज किंवा पांढरं जात असेल तर तिचाही उपचार सोबतच व्हावा, नाहीतर आजार दोघांत फिरत राहतो.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. न दुखणारी जखम, गाठ, रक्त, पांढरा निबर चट्टा, किंवा आजवर मागे जाणारी कातडी मोठेपणी घट्ट होत जाणं, हे लगेच दाखवावं. अशी जुनी, न भरणारी जखम क्वचित कर्करोगाची असते, आणि लवकर कळली तर बहुतेकदा थोडक्यात निभावतं. खारघरला टाटा स्मारकचं अ‍ॅक्ट्रेक आहे. नवी मुंबईकराला त्यासाठी परळपर्यंतही जावं लागत नाही. आणि मधुमेह्याला ताप येऊन वृषणाच्या आसपास भयंकर दुखू लागलं, सूज पसरू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच हॉस्पिटल गाठावं.

एरवीच्या खाजेसाठी वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम इथे केसपेपर काढून त्वचाविभागात जावं. कित्येक सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं. जवळचं कुठे आहे ते १०९७ या फुकट हेल्पलाइनवर विचारता येतं. डॉक्टरसमोर बसल्यावर जांघ म्हणू नका, जागा नेमकी सांगा आणि लावलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत घेऊन जा.

(पुढील लेखांक : मोठेपणी सुंता करावी लागते तेव्हा)