ट्रेलर नेमका हलतो कुठून?

अमेरिकेत इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट ही आर.व्ही.ची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, राजधानी मानली जाते. देशातली बहुतांश अशी घरं या शहरात आणि आसपासच्या कारखान्यांत तयार होतात. इथल्या आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये एक मागणी सतत कानावर येते: "ट्रेलर फार हलतो, मोठे जॅक बसवून द्या."

एकदा एका मराठी कुटुंबाचा ट्रॅव्हल ट्रेलर आला. पुण्याहून आलेल्या आजींना चक्कर येण्याचा त्रास. रात्री कुणी पाणी प्यायला उठलं, की त्या दचकून जाग्या व्हायच्या. "अरे, घर हलतंय की माझं डोकं?" असं मुलाला विचारायच्या. मुलाला विजेवर चालणारे महागडे जॅक हवे होते. आमच्या जुन्या मिस्त्रींनी ऑर्डर लिहिण्याआधी त्याला आत फेऱ्या मारायला सांगितलं आणि मला ट्रेलरखाली पाठवलं.

खाली पडून पाहिलं, तर जॅकचे पाय जमिनीवर पक्के होते. वरची फ्रेम मात्र प्रत्येक पावलासरशी पुढे-मागे सरकत होती. मागच्या एका जॅकचे बोल्ट सैल होते आणि त्यांच्याभोवतीचा रंग घासून लोखंड चकाकत होतं.

ट्रेलर तीन तऱ्हांनी हलतो. वर-खाली हलतो तो कमानपाट्यांमुळे आणि टायरमुळे. कात्रीसारखे उघडणारे सिझर जॅक ते चांगलं आवरतात. पुढे-मागे हलतो, कारण चाकं किंचित फिरत असतात. तिथे दोन चाकांच्या मधे दाबून बसणारी अडण लागते. डावी-उजवीकडची डुलणी थांबवायला फ्रेम आणि जॅक यांच्यात तिरप्या पट्ट्या लावतात. जोर पडला, की चौकोन कलंडतो, त्रिकोण आकार सोडत नाही.

आम्ही सिझर जॅक फ्रेमला घट्ट बसवले, तिरप्या पट्ट्या जोडल्या, चाकांत अडणी घातल्या. विजेच्या मोटरची गरजच पडली नाही. आजी तिथेच पलंगावर आडव्या झाल्या, मुलाला आत चालायला लावलं आणि म्हणाल्या, "आता झोप लागेल रे बाळा."

दुसरे एक गृहस्थ दार लागत नाही म्हणून आले होते. जॅकवर ५,००० पाउंड लिहिलेलं वाचून त्यांनी उतारावरचा ट्रेलर त्याच जॅकनी उचलून सपाट केला होता. एक कोपरा वर गेला आणि फ्रेमला पीळ बसला. कोपऱ्यांतले हे स्टॅबिलायझर जॅक आधार देण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नाही. आडवी पातळी चाकांखाली ठोकळे घालून साधायची, उभी पातळी पुढच्या जॅकने, आणि मगच चार कोपऱ्यांचे जॅक टेकवायचे.

मिस्त्रींकडून शिकलेली युक्ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून दाखवतो. ट्रेलरचं नाक थोडं खाली घ्यायचं, मागचे जॅक जमिनीला टेकवायचे आणि मग नाक पुन्हा पातळीत आणायचं. मागचे जॅक आपोआप ताणून बसतात. जॅकखाली लाकडी ठोकळा ठेवला, तर जॅक कमी उघडावा लागतो आणि कमी लचकतो. एवढं करूनही हलणं उरलं, तर ते कोणत्या दिशेचं आहे ते बघा. त्या दिशेचाच इलाज विकत घ्या. पैसे वाचतील आणि घरातली माणसं निवांत झोपतील.