गेमिंगचा संगणक जुळवताना

बोनकोडे-कोपरखैरणे भागातून सुटे भाग घ्यायला निघालात, तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड गाठा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं, तरी बाजार जुन्याच नावाने ओळखला जातो.

आधी मॉनिटर ठरवा. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर खेळायचं असेल, तर सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्या. प्रोसेसर सहा कोअरचा पुरतो. रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. एका पट्टीपेक्षा त्या माहिती वेगाने पोचवतात. रंगीत दिवे मागाहून.

पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको. स्वस्त डब्यावर ६०० वॅट ठळक छापलेलं असतं. बाजूच्या लेबलवरचा तक्ता पाहा. १२ व्होल्टखालचे अँपिअर बाराने गुणा: ३० अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३६० वॅटच वापरू शकतात. हलका सप्लाय बिघडला, तर महागडे भागही सोबत जळू शकतात.

जुनं कार्ड घेताना दुकानातच जड गेम थोडा वेळ चालवून बघा. आणि सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल मागून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच उपयोगी पडतं.