मावळतीचा दीपस्तंभ टिपताना

सूर्यास्त पाहण्यास वयाची अट नसते; सूर्यास्तानंतर परतण्याची तयारी मात्र वयानुसारच करावी लागते. हे वाक्य मी पुस्तकातून घेतलेले नाही, एका चुकीतून शिकलो आहे.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कुंडलिका नदीच्या मुखाशी कोर्लईचा पोर्तुगीजकालीन किल्ला आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी समुद्राकडे तोंड करून एक दीपस्तंभ उभा आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या वडिलांना तेथे घेऊन गेलो. वय ७६, उजव्या हाताला कंपवाताची थरथर. पण उमेदीच्या काळात त्यांनी रोल भरायच्या कॅमेऱ्यावर असंख्य छायाचित्रे काढलेली. सूर्य पाण्याला टेकेपर्यंत आम्ही थांबलो. बिंब बुडाले, आम्ही वळलो आणि दहा पावलांवरच्या एका साध्या पायरीवर बाबा गुडघ्यावर आदळले. हाड वाचले. खरचटलेले पंधरा दिवसांत भरले. पडण्याची धास्ती मात्र भरून यायला वर्ष लागले. तोवर अंगणाचे फाटक ओलांडायलाही ते तयार होत नसत.

वाचकहो, पुढील मजकूर त्या धास्तीसाठी आहे. घरातील ज्येष्ठांना समुद्रकाठी नेऊ नये, असे मुळीच म्हणायचे नाही. नेताना काय सांभाळावे, एवढेच सांगायचे आहे.

वेळ आणि भरती

कोकण किनाऱ्याच्या या भागात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटे लागतात. त्यानंतरचा संधिप्रकाशही आपल्याकडे अल्पजीवी. वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचे दगड दिसेनासे होतात. म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचावे. ज्येष्ठांच्या जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा, विशेषतः मधुमेह असल्यास, आदल्या दिवशीच जुळवून घ्याव्यात. परतीच्या प्रवासात भूक लागेल तेव्हा पाहू, हा विचार धोक्याचा ठरतो.

भरतीसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. अर्थात सायंकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते व सायंकाळी सहाला ओहोटी असते. मात्र ओहोटीने उघडे पडलेले खडक शेवाळाने निसरडे असतात. छायाचित्रासाठी त्या खडकांवर उतरण्याचा मोह टाळावा. दीपस्तंभ उंच असतो. तो रस्त्यावरूनही उत्तम दिसतो. आवारात जायचे असल्यास तेथील कर्मचाऱ्यांना वेळ व परवानगी आधी विचारावी.

डोळे : आधी झळाळी, मग अंधार

बाबा पडले ते पायातील दुबळेपणामुळे नव्हे, हे आम्हांला नंतर समजले. वयानुसार डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही आणि भिंगही पिवळसर होत जाते. त्यामुळे मंद उजेडात डोळ्याच्या पडद्यापर्यंत प्रकाश कमी पोहोचतो. तरुण डोळ्यालाही अंधाराशी पूर्ण जुळवून घेण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, वृद्धांना त्याहून अधिक. बराच वेळ झळाळणाऱ्या पाण्याकडे पाहिल्यावर एकदम काळवंडलेल्या पायरीकडे वळणे म्हणजे काही क्षण अंधपणे चालणेच होय.

उपाय सोपा आहे. सूर्य बुडाल्यावर लगेच उठू नये. बसल्या जागी दहा-पंधरा मिनिटे दृष्टी सावलीकडे ठेवावी आणि मग बॅटरीच्या उजेडात, सोबत्याच्या कोपराला धरून चालावे. बॅटरी चेहऱ्यावर नव्हे, पावलांपुढे धरावी.

दुसरी दक्षता सूर्याकडे पाहण्यासंबंधी. बिंब लालसर दिसले तरी त्याकडे टक लावून पाहू नये. दुर्बिणीतून किंवा जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याच्या नेत्रिकेतून तर सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंगे ते तेज एकवटून डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतात. मोबाइलच्या पडद्यावर पाहून चौकट जुळवणे अधिक सुरक्षित. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर वारा व वाळू असलेल्या किनाऱ्यावर जाण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

थरथरता हात आणि स्थिर चित्र

हाताला कंप आहे म्हणून छायाचित्रण संपले, असे समजू नका. घडीच्या खुर्चीवर पाठ टेकून बसावे. दोन्ही कोपरे बरगड्यांशी घट्ट ठेवावीत, किंवा हात मांडीवरच्या उशीवर टेकवावेत. मोबाइल लहान तिवईवर बसवता आला तर उत्तमच. पडद्यावरील बटण बोटाने दाबताना यंत्र हलते. म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावावा. श्वास सोडता सोडता बटण दाबून हात बाजूला घ्यावा. कंप दिवसभर सारखा नसतो. औषधाचा प्रभाव कोणत्या वेळी चांगला असतो हे डॉक्टरांना विचारून वेळ निवडता येते.

वाकून किंवा उकिडवे बसून छायाचित्र काढणे आणि झटकन उभे राहणे ज्येष्ठांनी टाळावे. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे असे उठताच रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. उठण्यापूर्वी पाऊल दोन-चार वेळा वरखाली हलवावे, मग आधार घेऊन हळूहळू उभे राहावे.

प्रकाशाविषयी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सूर्याला चौकटीत घेण्याच्या हट्टापायी दीपस्तंभ काळाकुट्ट होतो. त्याऐवजी सूर्याला पाठीशी किंवा बाजूला ठेवून स्तंभाकडे पाहा. तिरपे सोनेरी ऊन भिंतीवर पडते, तेव्हा साधा चुनाही मधासारखा दिसतो. शिवाय या रीतीने डोळ्यांनाही विश्रांती मिळते. स्तंभाची काळी आकृतीच हवी असेल, तर पडद्यावर उजळ आकाशाला बोट लावून उजेड कमी करावा.

दिवा लागतो तेव्हा

सूर्य गेल्यानंतर आकाश निळे-जांभळे असताना वरचा दिवा फिरू लागतो. अनेक छायाचित्रकार याच घटकेची वाट पाहतात. प्रत्येक दीपस्तंभाच्या झोतांचा क्रम ठरलेला असतो. किती झोत, मध्ये किती सेकंदांचा विराम, यावरून खलाशी अंधारातही किनारा ओळखतो. छायाचित्र घेण्यापूर्वी तो क्रम ज्येष्ठांनी आणि नातवंडांनी मिळून मोठ्याने मोजावा. क्रम कळला की झोत आपल्याकडे कधी वळणार हे आधीच समजते. डोळ्यांना सावरण्यासाठी जी दहा-पंधरा मिनिटे बसायचे, ती या मोजणीत सहज जातात.

सोबत असणाऱ्यांना

पट्ट्याची पादत्राणे, कानटोपी किंवा शाल, पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे आणि बॅटरी एवढे पुरे. स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधी पाहून ठेवा. त्या चिंतेपोटी अनेक ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत. स्मृतिभ्रंश असलेल्या काही व्यक्तींची अस्वस्थता सायंकाळी वाढते. त्यांना चारच्या उन्हात नेऊन सूर्यास्तापूर्वीच परत आणणे श्रेयस्कर.

आणि सर्वांत महत्त्वाचे. त्या पहिल्या संध्याकाळी बाबांचा हात थरथरताना पाहून मी म्हणालो होतो, "द्या बाबा, मी काढतो." त्यांनी मुकाट्याने मोबाइल दिला. पडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट त्यांच्या हातून गेली होती, आणि ती मी काढून घेतली होती.

गेल्या जानेवारीत आम्ही पुन्हा कोर्लईला गेलो. खुर्ची, तिवई आणि बॅटरी घेऊन. मी दोन हात मागे बसलो आणि गप्प राहिलो. बाबांनी झोत मोजले, टायमर लावला, अकरा छायाचित्रे काढली. सात हललेली होती. अंधार पडल्यावर उठायची घाई मलाच झाली, तेच म्हणाले, "थांब, डोळे बसू देत."

त्यांतले एक चित्र आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. क्षितिज किंचित कलले आहे. ते सरळ करून देऊ का, असे मी विचारले होते. "राहू दे," बाबा म्हणाले, "मी काढलेलं आहे ते."