फार्मासिस्ट : चिकित्सेतील जाणता सहकारी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थात्याच्या गुणांत उपचाराचे ज्ञान प्रथम गणले आहे. औषध हाती देणारा आजचा फार्मासिस्ट याच पादात मोडतो, असे आम्ही मानतो.

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावाचा विचार करावा. अशा गावातील रुग्ण विशेषज्ञाकडे जालना वा छत्रपती संभाजीनगरला जातो आणि परतल्यावर गावच्या वैद्यांकडून चूर्ण, काढा घेतो. एका चिकित्सकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नजरेस पडतेच असे नाही. दोन्ही औषधांची चौकशी करण्याची संधी अनेकदा फार्मासिस्टलाच मिळते.

ही संधी किती मोलाची, हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून कळते. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन अपस्मारी रुग्णांनी शंखपुष्पीयुक्त पाक सुरू केला आणि आटोक्यात असलेले झटके पुन्हा येऊ लागले. पुढे उंदरांवरील प्रयोगात हा पाक वारंवार दिला असता रक्तातील फेनिटॉइन घटल्याचे आढळले. त्या पाकात अन्य वनस्पतीही होत्या. म्हणून एकट्या शंखपुष्पीस दोष देता येत नाही. संयोगाचा विचार मात्र अटळ ठरतो.

नित्य व्यवहारात पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

१. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांत हा धोका अधिक.

२. मिरी व पिंपळीतील पिपेरिनमुळे फेनिटॉइन, थिओफायलिन, प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. त्रिकटू देताना हे स्मरावे.

३. इसबगोल इतर औषधांचे शोषण मंदावू शकते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे.

शंका आल्यास फार्मासिस्टने स्वतः औषध बंद वा बदल करू नये. चिकित्सकाशी त्वरित बोलावे.

या ज्ञानाला व्यवसायातही स्थान आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णसमुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य मानले आहे. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे. २००८ साली सुरू झालेला फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम रुग्णालयीन कार्याकडे नेतो. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या औषधसतर्कता कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. त्या कामीही अशा जाणत्या माणसांची गरज आहे.

सभासद वैद्यांना आमची विनंती एवढीच : चिठ्ठीवर रुग्णाची चालू आधुनिक औषधे लिहावीत व शाखेच्या मासिक सभेस गावच्या फार्मासिस्टला सन्मानाने बोलवावे. फार्मासिस्ट बंधुभगिनींनीही प्रत्येक रुग्णाला ‘आणखी कोणते औषध चालू आहे?’ हे अवश्य विचारावे. उत्तर ऐकायला क्षणभरच लागतो, पण त्यातून एखाद्याचा टळू शकणारा झटका टळेल.