‘रिटेन’ : राखण्याचा हक्क आणि त्याची मर्यादा

इंग्रजीतील ‘रिटेन’ हा शब्द ‘मागे धरून ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. व्यापारात तो ठायी ठायी भेटतो. कंपनीने न वाटता राखलेला नफा म्हणजे ‘रिटेन्ड अर्निंग्ज’. काम निर्दोष राहील या हमीसाठी कंत्राटदाराच्या बिलातून रोखलेली रक्कम म्हणजे ‘रिटेन्शन मनी’. वकिलाची सेवा हाताशी राहावी म्हणून दिलेले शुल्क म्हणजे ‘रिटेनर’.

या शब्दाचा कायदेशीर अर्थ भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 मधील दोन दाखल्यांतून उत्तम उमगतो. कच्च्या हिऱ्याला पैलू पाडून देणाऱ्या जवाहिऱ्यास मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ‘रिटेन’ करता येतो. मात्र कोट शिवून होताच देण्याचे आणि शिलाईसाठी तीन महिन्यांची उधारी देण्याचे शिंप्याने कबूल केले असेल, तर पैशांसाठी त्याला कोट अडवता येत नाही.

राखणे म्हणजे मालकी नव्हे. मजुरी चुकती होताच हिरा परत केलाच पाहिजे. तसेच, उधारीचा शब्द देताना व्यापारी केवळ मुदत देत नाही, वस्तू राखून ठेवण्याचा हक्कही सोडत असतो. म्हणून तो शब्द विचारपूर्वक द्यावा आणि लेखी असावा.