अर्धा हिशेब बँकेचा, अर्धा आपला

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात पुराचे पाणी शिरले. त्यात दासगावच्या एका महिला बचत गटाची हिशेबवही भिजली. ती लिहून घेण्यासाठी महाडला दिलेली होती. पाणी ओसरल्यावर पाने एकमेकांना चिकटली होती आणि शाई उतरली होती. गटात बारा जणी, प्रत्येकीची महिन्याला २०० रुपये बचत. कोणाचे किती जमले आणि कोणाकडे किती कर्ज आहे, हे सांगणारी तेवढीच एक वही होती. दासगाव माझे आजोळ, त्यामुळे हिशेब पुन्हा उभा करण्याचे काम माझ्याकडे आले.

बँकेकडून खातेउतारा संगणकाच्या फाइलीत मिळाला. अशी फाइल बहुधा 'सीएसव्ही' प्रकारची असते. तीत एका ओळीत एक व्यवहार असतो आणि तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक हे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात. तिच्यापासून मला साध्या मजकुरातली हिशेबवही करायची होती. साधा मजकूर म्हणजे कोणत्याही संगणकावर उघडणारी, नुसत्या अक्षरांची फाइल. तिच्या दहा प्रती दहा ठिकाणी ठेवता येतात. अशा फाइली वाचून बेरजा करणारा 'लेजर' हा प्रोग्रॅम जॉन विग्ली यांनी २००३ साली केला. पुढे 'एचलेजर', 'बीनकाउंट' असे त्याचे भाऊबंद आले. आपण फक्त रोजकीर्द लिहायची, खतावणी प्रोग्रॅम करतो.

एक नोंद अशी दिसते (संगणकावर अंक मात्र इंग्रजी घालावे लागतात):

२०१९-०६-१२ वह्या खरेदी
    खर्च:लेखनसाहित्य     १८०
    मालमत्ता:बँक        -१८०

दोन्ही रकमांची बेरीज शून्य. पैसा कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो. लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात सांगितलेली दुहेरी नोंद ती हीच. बेरीज शून्य आली नाही तर प्रोग्रॅम नोंद स्वीकारत नाही.

आता बँकेची ओळ पाहा. १८० रुपये गेले हे बँकेला ठाऊक आहे, कशासाठी गेले हे नाही. म्हणजे प्रत्येक ओळीत अर्धीच नोंद असते आणि रूपांतर करायचे म्हणजे उरलेला अर्धा भाग लिहायचा. शिवाय ही वही बँकेची आहे. आपण भरलेले पैसे हे बँकेचे देणे, म्हणून ती ते 'जमा' लिहिते. आपल्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे पडते. वाणिज्य शाखेची मुले हमखास अडखळतात ती इथेच.

ठरावीक ओळींसाठी नियम लिहून ठेवता येतात: तपशिलात 'व्याज' असेल तर 'उत्पन्न:व्याज'. नियमात न बसणाऱ्या ओळी 'अज्ञात' खात्यात टाकाव्यात आणि मग माणसांना विचारावे.

काही खड्डे मात्र आधीच माहीत असलेले बरे. ०३/०७ ही तीन जुलै की सात मार्च? म्हणून वर्ष आधी लिहावे. १,२५,००० मधले स्वल्पविराम रकाने फोडू शकतात. सगळ्यांत फसवा खड्डा स्प्रेडशीटचा. फाइल तिथे उघडली की बारा अंकी संदर्भ क्रमांक ४.१२ गुणिले दहाचा अकरावा घात असा दिसू लागतो. तशीच फाइल जतन केली तर उरलेले अंक कायमचे जातात. सार्थ अंक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. दोन उताऱ्यांचे महिने एकमेकांवर चढले असतील तर त्याच ओळी दोनदा येतात. पण सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी सरसकट खोडू नयेत, कारण एकाच दिवशी ५०० रुपये खरोखर दोनदा काढलेले असू शकतात. निवाडा शिल्लक रकाना करतो: मागील शिल्लक, अधिक जमा, उणे नावे, बरोबर नवी शिल्लक. हा ताळा ओळीगणिक घ्यावा.

आमच्या गटाच्या फाइलीत हे सारे जमले आणि तरीही एक ओळ अडली. दर महिन्याला २,४०० रुपये जमा, त्या महिन्यात मात्र १,९००. अडीच जणींची बचत आली नाही, असा त्याचा अर्थ निघाला आणि दोघी-तिघींकडे बोट दाखवले गेले. बैठकीत आवाज चढले. मी प्रत्येकीला तिची सभासद पुस्तिका आणायला सांगितली. काहींच्या पुस्तिका माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निघाल्या. बाराही पुस्तिकांत त्या महिन्याचे २०० रुपये लिहिलेले होते आणि एकीत त्याखाली 'उचल ५००'. बैठकीतच तिला रोख कर्ज दिले होते; उरलेले पैसे बँकेत भरले.

२०१९-०८-०५ मासिक बैठक, सभासद पुस्तिकांवरून
    मालमत्ता:बँक           १९००
    मालमत्ता:येणे कर्ज      ५००
    देणे:सभासद बचत      -२४००

अर्धविरामापुढचा मजकूर प्रोग्रॅम हिशेबात घेत नाही. तो पुढे वही तपासणाऱ्यासाठी असतो.