जमिनीच्या पोटातला गारवा

दोहा ही कतार देशाची राजधानी. तेथे ‘सूक वाकिफ’ नावाचा जुना बाजार आहे. ‘सूक’ म्हणजे बाजार. २०१६ सालापासून भर उन्हाळ्यात या बाजारात खजुरांचा महोत्सव भरतो. खलास, शीशी, खनेझी, बरही अशा कितीतरी जातींचे ताजे खजूर तेथे विक्रीला येतात.

त्या दिवसांत दोह्यातील हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. वाळवंटातील उघडी वाळू तर ६० अंशांहूनही अधिक तापते. मग खजुराची झाडे होरपळून कशी जात नाहीत?

याचे उत्तर जमिनीखाली आहे. सूर्याची उष्णता प्रथम मातीच्या वरच्या थराला मिळते. तेथून ती अगदी सावकाश खाली जाते. ती खोलवर पोचण्यापूर्वीच संध्याकाळ होते आणि वरची माती निवू लागते. म्हणून सुमारे अर्धा मीटर खोलीवर दिवसाच्या व रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो. खजुराची मुळे याहूनही खोल जातात. तेथे त्यांना ओलावा मिळतो. ‘खजुराचे पाय पाण्यात आणि डोके आगीत’ असे अरब लोक म्हणतात, ते उगीच नाही!

एकाच बागेतली सगळी माती सारखी तापत नाही. सावलीतली माती उघड्या मातीपेक्षा थंड असते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा सावकाश तापते. खजुराच्या सावलीत लिंबाची झाडे आणि भाजीपालाही वाढतो.

आपल्या जळगाव जिल्ह्यात केळीच्या मोठ्या बागा आहेत. केळीची बहुतेक मुळे वरच्या थरातच पसरतात. माती फार तापली, तर कोवळी मुळे मरतात. मग झाडाला पाणी व अन्न कोण पुरवणार? म्हणून शेतकरी केळीच्या बुंध्याभोवती वाळलेली पाने किंवा उसाचे पाचट पसरतात. या आच्छादनामुळे माती कमी तापते आणि ओल टिकते.

थंडीही केळीला सोसत नाही. कडाक्याच्या थंडीत शेतकरी रात्री बागेला विहिरीचे पाणी देतात. जमिनीच्या पोटातले हे पाणी त्या वेळी कोमट असते. त्यामुळे मुळांना ऊब मिळते.

उन्हाळ्यात दुपारी तुमच्या अंगणातली उघडी माती आणि झाडाखालची माती हाताने चाचपून पाहा. मग झाडाखाली वीतभर खणून आतली माती हातात घ्या. तिन्ही ठिकाणी काय फरक जाणवला, ते वहीत लिहून ठेवा.